गंज चढण्याचे दिवस

ऑक्टोबर संपत आला की आमच्या इमारतीत एक दिवस असा येतो, की कुणी कुणाला काही सांगत नाही आणि सगळ्यांच्या खिडक्या उघडतात. मे महिन्यापासून अखंड घरघरणारा एसी बंद होतो आणि कानाला एकदम मोकळं मोकळं वाटतं. मग शेजाऱ्यांचे आवाज ऐकू येऊ लागतात. खालच्या मजल्यावरचा कुकर, समोरच्या केरळी बाईंचं मुलाला ओरडणं, मशिदीतली अजान आणि तिच्याशी स्पर्धा करणारी कबुतरं. उन्हाळाभर आपण बंद डब्यात राहत होतो हे तेव्हा कळतं. दुबईच्या अल मनखूलमध्ये जन्म काढलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल: आमच्याकडे वर्षाची सुरुवात जानेवारीत होत नाही, एसी बंद होतो त्या दिवशी होते.

परवा तो दिवस आला. मी खिडकीत उभी राहून चहा पीत होते. ग्रिलला हात लावला तर बोटाला तांबूस भुकटी लागली. अब्बा मागेच होते. निवृत्त झाल्यापासून ते गावीच असतात, पण थंडीचे दोन-तीन महिने माझ्याकडे येऊन राहतात. त्यांनी माझं बोट पाहिलं, ग्रिल पाहिलं, आणि म्हणाले, "चांगला धरलाय."

ज्या माणसानं सगळी हयात गंजाशी वैर धरलं, त्याच्या तोंडी हे शब्द. मला हसू आलं, आणि मग हातातला चहा मी तसाच खिडकीत ठेवला. कारण हे वाक्य मूळचं अब्बांचं नव्हे. ते बेन्यातचं. आणि बेन्यात या उन्हाळ्यात गेला.

काही वर्षांपूर्वीची ती थंडी. मी तेव्हा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात कागदपत्रं सांभाळायचं काम करत होते. यार्ड म्हणजे रेतीवर पसरलेलं लोखंडाचं गाव. टाक्या, पाइप, जिने, पुलांचे तुकडे, वर क्रेन आणि एका कडेला आमच्या ऑफिसच्या पोर्टा केबिन. अब्बा त्याच यार्डात रंगकामाचे फोरमन होते. मला नोकरी त्यांच्याच ओळखीनं लागली होती, त्यामुळे मी काही विसरले की सगळं यार्ड आधी त्यांना सांगायचं.

अब्बांचं मूळ काम होड्या रंगवायचं. दिघीच्या खाडीकडचं आमचं गाव. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवायचे, घासायचे, तेलपाणी करायचं, रंग द्यायचा आणि मगच पुन्हा दर्यात सोडायचे, हा तिथला रिवाज. रंगाविना होडी पाण्यात ढकलणं म्हणजे पोरीला विटक्या कपड्यात सासरी धाडणं, असं आजोबा म्हणायचे. अब्बा दुबईला आले ते हेच डोक्यात घेऊन. आधी खाडीवरची गलबतं, मग मोठमोठ्या टाक्या. खाऱ्या वाऱ्याचा देश हा. इथे लोखंड उघडं ठेवलं की आठवड्यात लाल पडतं. अब्बा गंजाला 'लोखंडाचा महारोग' म्हणायचे. घरातली बिजागरी करकरली तरी त्यांना चैन पडायचं नाही.

अशा माणसाच्या यार्डात एका नोव्हेंबरात बेन्यात आला.

तो बास्क होता. म्हणजे कोण, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कुरियनसाहेबांनी, आमच्या मॅनेजरांनी, सांगितलं होतं, "स्पॅनिश आर्टिस्ट येतोय, मरीनाच्या बाजूला नवीन प्रोमेनाड होतोय ना, तिथल्यासाठी मोठं काम आहे." पहिल्याच दिवशी कुणीतरी त्याला "वेलकम, स्पॅनिश सर" म्हणालं, तर म्हातारा हात हलवून म्हणाला, "बास्क. स्पेन इज द पासपोर्ट." मला तो तिथेच आवडला. आम्हालाही इथे सगळे 'बॉम्बे' म्हणतात आणि आम्ही 'रायगड, रायगड' करत बसतो.

सत्तरी ओलांडलेला, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. डोक्यावर काळी चपटी टोपी, उन्हातही. हात बघितले की वाटायचं हे कलाकाराचे हात नव्हेत, लोहाराचे आहेत. ते होतेही तसेच. त्याचा बाप समुद्रकाठच्या एका लहान गावात लोहार होता, मासेमारी बोटींचे नांगर घडवायचा. बेन्यात लहानपणी भाता ओढायचा आणि निखाऱ्यातून निघालेलं लोखंड कुठल्या रंगाचं आहे ते ओरडून सांगायचा. चेरी, संत्रं, पेंढा. "रंग शिकलो तो तिथे," तो म्हणायचा, "चित्रकलेच्या शाळेत नाही."

शाळेची आठवण निघाली की त्याचा आवाज बदलायचा. तो लहान असताना त्यांच्या भाषेवर बंदी होती. वर्गात कुणी बास्क शब्द बोललं की मास्तर त्याच्या बोटात एक अंगठी घालायचे. त्यानं दुसऱ्या कुणाला बास्क बोलताना पकडलं की अंगठी त्याच्याकडे. संध्याकाळी ज्याच्या बोटात ती राहील त्या पोराला छड्या. "म्हणजे मित्रच मित्रावर कान ठेवायचा," बेन्यात म्हणाला. त्यानं मात्र एकदा ती अंगठी बोटात आली ती पुढे कुणाला दिलीच नाही. रोज छड्या खाल्ल्या. शेवटी मास्तरच कंटाळले. हे सांगताना तो हसत होता, पण मी त्या रात्री माझ्या लेकीला, झोयाला, मराठीत गोष्ट सांगायला बसले. ती म्हणाली, "मम्मा, कॅन यू से इट इन इंग्लिश?" मी म्हटलं, नाही. तिनं ऐकली अर्धी आणि झोपली.

पुढे तो नदीच्या मुखाशी असलेल्या मोठ्या गोदीत वेल्डर झाला. जहाजं बांधली. मग ती गोदीच बंद पडली, हजारो माणसं घरी बसली. बेन्यातनं गोदीच्या भंगारातून जहाजाचे पत्रे उचलले आणि आपल्या गावच्या धक्क्यावर उभे केले. दर्यात बुडालेल्या कोळ्यांसाठी. तीन जाड पत्रे, एकमेकांना टेकलेले. नाव नाही, तारीख नाही, पाटी नाही. बायका तिथे येऊन पत्र्याला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि समुद्र बघायच्या. त्याला शिल्पकार म्हणायला लागले ते त्यानंतर. मग डोंगरमाथ्यावर, धरणाकाठी, कारखान्यांच्या ओसाड आवारात त्याची घराएवढी लोखंडी कामं उभी राहिली. त्यानं मला फोनवर फोटो दाखवले होते. प्रत्येक फोटोत पाऊस पडत होता आणि प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी पोर त्या शिल्पावर चढलेलं होतं. कामाभोवती कुंपण घालायला तो देत नसे. "ज्याला हात लावता येत नाही ते शिल्प नाही, ते दुकान," असं त्याचं म्हणणं.

आमच्या यार्डात तो घडवत होता त्याचं नाव 'इत्साल'. त्यांच्या भाषेत सावली. दोन प्रचंड वाकवलेले पत्रे, तळहाताएवढे जाड, समोरासमोर उभे, आणि मधून एका माणसाला जाता येईल एवढी वाट. जन्मभर पावसात कामं केली, तो म्हणाला, एकदा उन्हाच्या देशात सावली उभी करायची आहे.

अब्बांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "शानू, पुतळा हाय काय कुणाचा? असला तर मी नाय हात लावणार." मी बेन्यातला विचारलं. तो म्हणाला, "कुणाचाच नाही. त्यात कुणी नसतं, तू जाशील तेव्हाच असतं." हे मी अब्बांना नीट सांगू शकले की नाही देव जाणे, पण त्यांनी मान डोलावली.

दोघांचं जमलं ते अकरा वाजता. बास्क लोकांत अकराच्या खाण्याला फार मान आहे. काम कितीही अडलेलं असो, अकरा वाजले की हत्यार खाली. बेन्यात सार्डिनचा डबा आणि पाव काढायचा. अब्बांचा डबा एरवी एक वाजता उघडायचा. त्याला सोबत म्हणून तेही अकराला उघडू लागले. त्यात अम्मीनं दिलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कोरडं. पहिल्या दिवशी बेन्यातनं वास घेतला आणि डोळे मिटले. त्याची आई सुकवलेला कॉड मासा रात्रभर भिजत घालायची, घरभर हाच वास. दुसऱ्या दिवसापासून अम्मी दोन माणसांचं देऊ लागली आणि सार्डिनचे डबे पॅकिंगवाल्या पोरांना मिळू लागले. अब्बांचं इंग्रजी बेतास बात, बेन्यातचंही तसंच. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायची. पण माशाचा काटा काढताना त्यांना माझी गरज लागत नसे.

आता गंजाचं सांगायला हवं, कारण सगळं अडलं होतं ते त्याच्यावर. बेन्यातचं पोलाद विशिष्ट जातीचं होतं. ते आधी ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून, स्वच्छ करायचं, मग पाण्यानं भिजवायचं, सुकू द्यायचं, पुन्हा भिजवायचं. असं करता करता त्यावर गंज चढतो, आणि तो नीट जमला की घट्ट सालीसारखा बसतो. मग तीच साल आतल्या लोखंडाला सांभाळते. रंग म्हणाल तर आधी संत्र्याचा, मग विटेचा, शेवटी पिकल्या चिकूसारखा गडद. हे व्हायला वेळ लागतो. त्याच्या गावी पाऊस हे काम फुकट करतो. आमच्याकडे पाऊस कुठला? बेन्यात स्वतः पाइप घेऊन सकाळ-संध्याकाळ पत्र्यांना पाणी घालायचा, बाग शिंपावी तसं. लोखंडाला कान लावायचा. आणि लाल डाग पसरला की त्यावर बोट फिरवून म्हणायचा, "गुड. इट टेक्स वेल." चांगला धरलाय.

आणि वेळ तर त्याच्याकडे नव्हता. त्याच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. शस्त्रक्रिया ठरलेली होती. डॉक्टरांनी थंडीपुरती मोकळीक दिली होती. इथलं ऊन चढायला लागलं की त्यानं परत जायचं, हे त्यानं आपल्या लेकीला, मिरेनला, कबूल केलं होतं. ती दिवसातून कितीदा तरी फोन करायची. तो उचलायचा आणि आधीच सांगायचा, "बाय, बाय, आय अ‍ॅम सिटिंग." तो उभा असायचा. जागेवर नेऊन पत्रे उभे करताना त्यांच्यातली वाट किती रुंद, कोन कुठला, हे तो कागदावर देत नसे. तिथला वारा आणि ऊन बघून डोळ्यानं ठरवायचं. तो गेल्यावर ते काम कुणीही उरकलं असतं, पण मग ते बेन्यातचं राहिलं नसतं. म्हणून थंडी सरायच्या आत गंज जमून पत्रे उभे राहायला हवे होते. यार्डातल्या सगळ्यांना हे माहीत होतं.

अब्बांनाही माहीत होतं. म्हणजे घाई आहे एवढं माहीत होतं. गंज मुद्दाम आणतात, हे मात्र त्यांच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. ते समजत होते की म्हातारा पाण्यानं पत्रे धुतो, आणि गंज चढतो हे त्याचं दुर्दैव.

डिसेंबरात नॅशनल डेची सुट्टी आली. रस्त्यारस्त्यावर झेंडे, गाड्यांवर झेंडे, आमच्या क्रेनलाही झेंडा. बेन्यात डोंगर बघायला हत्ताच्या बाजूला गेला. यार्डात मोजकी माणसं होती. सुट्टीनंतर मोठे साहेब आणि गिऱ्हाईक कंपनीची माणसं काम बघायला येणार होती. पाहुण्याचं काम त्यांच्यापुढे असं लाल, डागाळलेलं उभं राहणार, हे अब्बांना सहन झालं नाही. त्यांनी ब्लास्टिंग करून सगळा गंज उडवला आणि स्वतःच्या हातानं दोन्ही पत्र्यांना रेड ऑक्साइडचे, म्हणजे गंज रोखणाऱ्या लाल रंगाचे, दोन कोट दिले. मदतनीसाला हात लावू दिला नाही. आपल्या दोस्तासाठी सुट्टीची भेट. वर ताडपत्री टाकून ठेवली.

सुट्टी संपली त्या सकाळी बेन्यात आला तेव्हा अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मी केबिनच्या पायरीवर. अब्बांनी ताडपत्री ओढली.

इतकं सपाट, इतकं एकसारखं रंगकाम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा माग नाही. बेन्यातनं टोपी काढली. हळूहळू दोन्ही पत्र्यांभोवती एक पूर्ण फेरी मारली. परत आला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हू?" त्यानं विचारलं.

"मी, सर," अब्बा पुढे झाले. "टू कोट. नो बबल. फर्स्ट क्लास."

बेन्यातनं त्यांच्याकडे पाहिलं. जगातला दुसरा कुठलाही मोठा कलावंत इथे काय बोलला असता हे मी मनात ऐकूही लागले होते. तो म्हणाला, "इब्राहिम, हे फार चांगलं काम आहे. आमच्या गोदीत असं रंगवणारा मला भेटला नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आता त्याला सांग. हळू सांग." आणि तो कंटेनरच्या मागे निघून गेला.

मी सांगितलं. अब्बांना आधी कळेना. मग कळलं. ताडपत्रीचं टोक अजून त्यांच्या हातातच होतं. एवढंच म्हणाले, "मना वाटला मी त्याची इज्जत राखतोय."

कुरियनसाहेब भडकले. त्यांचंही चुकलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात येऊन ठेपलं होतं. "चाचाला घरी पाठवा, खलास, या वयात अशी चूक?" असं ते फोनवर कुणाला तरी सांगत होते तेव्हा बेन्यात केबिनमध्ये आला. टोपी पुन्हा डोक्यावर होती. तो म्हणाला, "या माणसानं माझं काम झाकलं नाही, त्याला पांघरूण घातलं. तो गेला तर मीही जातो. आणि रंग तोच काढेल, मला दुसरा कुणी नको." साहेबांनी फोन खाली ठेवला. मोठ्या माणसाचा मोठेपणा मी आजवर भाषणांत ऐकला होता. तो त्या दिवशी एका पोर्टा केबिनमध्ये, फॅक्स मशीनशेजारी पाहिला.

अब्बांनी ब्लास्टिंगचा टोप चढवला आणि स्वतःचा रंग स्वतः उडवला. बेन्यात दिवसभर शेडबाहेर खुर्ची टाकून बसला. अकरा वाजता अब्बा बाहेर आले नाहीत. बेन्यातनं शेडच्या दारावर मुठीनं ठोकलं, आत ओरडला, "इब्राहिम! इलेव्हन!" अब्बा आले. धुळीनं माखलेले, डोळे लाल. भाकरी कुणालाच फार गेली नाही, पण दोघं शेजारी बसले.

पत्रे पुन्हा करडे, उघडे झाले. पहिला गंज वाया गेला होता आणि दिवसही. दुसऱ्या दिवशी पहाटे यार्डात पोहोचले तर पाण्याचा पाइप अब्बांच्या हातात होता.

त्या थंडीचे पुढचे दिवस मला वासानं आठवतात. ओल्या लोखंडाचा वास, रक्तासारखा, थोडा पहिल्या पाण्यात भिजलेल्या कौलांसारखा. अब्बा पाणी घालायचे, ऊन सुकवायचं, अब्बा पुन्हा घालायचे. जन्मभर जे टाळलं तेच आता त्यांना हवं होतं. सुरुवातीला त्यांचा हात अडखळायचा. एकदा लाल डागावर बोट फिरवताना त्यांनी ते लगेच पँटला पुसलं, सवयीनं. बेन्यात हसला आणि स्वतःचं बोट त्यांच्या पांढऱ्या शर्टाला पुसलं. अम्मीनं तो शर्ट किती घासला, डाग गेला नाही.

बेन्यातला आता चढण चढताना धाप लागत होती. मिरेनचे फोन वाढले होते. गंज येत होता पण पातळ, भुकटीसारखा, हात लावला की निघणारा. जानेवारी अर्धा सरला. मी अब्बांना नमाजानंतर दुवा मागताना ऐकलं. गंज मागत होते. अल्लाकडे आजवर कुणी गंज मागितला असेल की नाही मला शंका आहे.

आणि मग धुकं आलं. इथलं धुकं ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. पहाटे वाळवंटावरून येतं आणि बुरुजासारख्या इमारती कमरेपर्यंत खाऊन टाकतं. मोबाइलवर इशारे वाजतात, रस्त्यावर गाड्या पिवळे दिवे लुकलुकवत मुंगीच्या चालीनं सरकतात, सगळं शहर शिव्या देतं. आमची बस यार्डात पोहोचली तेव्हा क्रेन दिसत नव्हती, शेड दिसत नव्हती. फक्त धुक्यात दोन म्हातारे उभे होते, आणि त्यांच्यामध्ये दोन पत्रे घामेजून गळत होते. थेंब थेंब. वरपासून खालपर्यंत.

"लाइनो," बेन्यात कुजबुजला.

"धुका," अब्बा म्हणाले.

दोघांनी एकमेकांचा शब्द म्हणून पाहिला. बेन्यातला 'ध' काही जमला नाही.

धुकं पुन्हा पुन्हा आलं. रात्रभर बारीक ओल, दिवसा कोवळं ऊन. पाइपनं जे साधत नव्हतं ते त्यानं केलं. गंज दाट झाला, बसला, हाताला लागेनासा झाला. थेंब जिथून ओघळले तिथे उभ्या गडद रेषा उमटल्या. त्या त्याच्या देशातल्या कामांवर नव्हत्या. मी भीत भीत विचारलं, हे चालेल? तो म्हणाला, "तिकडे पाऊस सही करतो. इथे या धुक्यानं केली."

फेब्रुवारी सरता सरता पत्रे समुद्रकाठी गेले. बेन्यात वाळूत खुर्ची टाकून बसला. उठायचं नाही, असं मिरेननं मला फोनवर बजावलं होतं. तो बसला तेवढाच वेळ, जेवढा क्रेनचा पट्टा बांधायला लागतो. मग उठला, आणि हात हवेत धरून "पिश्का बात, पिश्का बात" करत राहिला. म्हणजे थोडंसं, अजून थोडंसं. संध्याकाळपर्यंत क्रेनला पट्टे बांधणारे बांगलादेशी रिगरही, अरबीतलं 'चला' जोडून, एकमेकांना "पिश्का बात, यल्ला!" म्हणून ओरडायला लागले. वाट किती रुंद ठेवायची यावर तो फार वेळ अडला. मग त्यानं अब्बांना हाक मारली आणि मधून चालायला लावलं. अब्बा अंगानं भरलेले. दोन्ही खांदे लोखंडाला किंचित घासत ते पलीकडे निघाले, समुद्राच्या बाजूला. बेन्यातनं मूठ वर केली. तिथेच थांबवा.

दुसऱ्या दिवशी तो परत गेला. शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर तो काही वर्षं चांगला जगला. दर ईदला त्याचा फोन यायचा. आधी बांगड्याची चौकशी, मग गंजाची. ऑगस्टमध्ये मिरेनचा निरोप आला: आईता गेले. त्यांच्यात बापाला आईता म्हणतात. अब्बा तेव्हा गावी होते. मी त्यांना फोनवरच सांगितलं.

या शनिवारी सकाळी आम्ही 'इत्साल'पाशी गेलो. अब्बा, मी आणि झोया. झोया आता माझ्याहून उंच झाली आहे. "नाना, इट्स सो ब्युटिफुल इन धिस लाइट," ती म्हणाली, आणि नानांनी न समजताच मान डोलावली. काही माणसं सावलीत बसली होती, एक फिलिपिनो आई बाळाला पाजत होती. आणि मागच्या बाजूला एक माणूस डबा उघडून बसला होता. चाळिशीचा, देखभालवाल्यांचा निळा गणवेश, हातात रोलर. डब्यात रेड ऑक्साइड.

आता त्याला सांगायला, थांबवायला बेन्यात कुठेच नव्हता.

अब्बा त्याच्यापाशी गेले. "क्या कर रहे हो, भाई?"

"चाचा, पूरा जंग लग गया है. सुपरवायझर बोला, प्रायमर मारो. गेस्ट लोग आनेवाले हैं."

अब्बांनी डबा उचलला, वास घेतला, बोटानं घट्टपणा पाहिला. "माल अच्छा है," ते म्हणाले. मग डब्याचं झाकण शोधलं आणि तळहातानं दाबून घट्ट बसवलं. "लेकिन इधर नहीं."

"चाचा, मेरी नौकरी—"

"तेरी गलती नहीं. शानू, यांच्या ऑफिसात फोन लाव."

मी तिथल्या फलकावरचा नंबर फिरवला. उचलणाऱ्या बाईंना आधी काही कळेना, मग त्यांनी कुणाला तरी विचारलं, आणि म्हणाल्या, त्याला थांबायला सांगा, हात लावू नको म्हणावं. माझा जीव भांड्यात पडला. मी खूण केली तसा त्या माणसानं रोलर गुंडाळून ठेवला. पण तो उठला नाही. कारागिराची जात, आता तो पत्र्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. त्यानं नखानं खरवडून पाहिलं. निघेना. तळवा फिरवला, वरून ओघळलेल्या उभ्या रेषांवरून बोट नेलं.

"ये जंग नहीं है," अब्बा म्हणाले. "ये रंग है. मैंने लगाया है."

त्या माणसानं वर मान करून त्या पत्र्याची उंची बघितली, मग अब्बांकडे बघितलं.

"कितने कोट, चाचा?"

अब्बांनी क्षणभर समुद्राकडे पाहिलं.

"एक पूरी सर्दी," ते म्हणाले.